शिंकांमधलं शून्य

राजवैद्य धुंडिराजबुवांच्या नव्या तपकिरीने दरबार शिंकून बेजार झाला. कोणी दहा शिंकला, कोणी हजार. कशाचा कशाला मेळ नाही. बुवा म्हणाले, "आकडे सोडा, त्यांतली शून्यं मोजू." जुन्या तपकिरीचं सरासरी एक शून्य निघालं, नवीची दोन.

"महाराज, फरक अवघ्या एकाचा," बुवांनी मिशीला पीळ दिला. महाराज लगेच नवी तपकीर सक्तीची करायला निघाले.

राणी सगुणावतीचं नाक आधीच टोमॅटोसारखं झालं होतं. ती म्हणाली, "बुवा, या त्रासाबद्दल दहा उठाबशा काढा, आणि तुमच्याच हिशेबाने वर एक."

एवढंच ना, म्हणून बुवांनी हसत अकरा काढल्या आणि पगडी उचलली.

"बसा," राणी नाक पुसत म्हणाली. "वर एक उठाबशी नव्हे, एक शून्य."