दवणपूरचे पाच, शंखबंदरचे पाच

"उजेडात दिवा लावणारी सून मी तरी जन्मात पाहिली नाही. हिला माहेरी पोचवा, ती कायमची."

शंखबंदर नावाच्या गावात म्हाळसाबाई आपल्या नवऱ्याला, दाजीशेटना, हे हळूच सांगत होत्या. पण हळू बोलायची त्यांना सवय नव्हती. भिंतीपलीकडे त्यांची नवी सून रेवती तांदूळ निवडत होती. तिने सगळे ऐकले आणि एक खडा वेचून बाजूला टाकला. तिचा नवरा गलबत घेऊन दूर गेलेला. सांगायचे कुणाला?

शंखबंदर राज्याच्या पश्चिम टोकाला, समुद्रावर. रेवतीचे माहेर दवणपूर पूर्व टोकाला, डोंगरात. मधली वाट दीड महिन्याची. पण राजाचा हुकूम असा, की राज्य एक तर वेळही एक. त्याने गावोगावच्या चावडीवर सारखी घड्याळे बसवली होती. इथे पाचाचे ठोके पडत, तेव्हाच तिथेही पडत.

पाठवणीच्या वेळी आई म्हणाली होती, "आपल्याकडे पाचाला दिवेलागण. तूही तिकडे पाचाच्या ठोक्याला दिवा लाव. दोघींचे दिवे एकदम लागतील."

रेवतीने कबूल केले. पण शंखबंदरात पाच वाजले तरी सूर्य हलायला तयार नसे. चिवट पाहुण्यासारखा बसून राही. रेवती गोंधळे, आणि तरी दिवा लावी. शेजारणी वाकून बघत. पहाटे पाचाला ती उठे, तर सगळे घर घोरत असे. दहाला तिला जेवणाची भूक लागे, तेव्हा इथे न्याहारी चाललेली. संध्याकाळी सातला सासूबाई चूल पेटवायला सांगत, तेव्हा ही पेंगत असे. कुणी विचारले असते तर तिने सांगितले असते. पण नव्या सुनेला कुणी विचारत नाही, तिच्याविषयी विचारतात.

दाजीशेट न्यायी माणूस. म्हणाले, "आधी तिकडे जाऊन येतो. पोर पहिल्यापासून अशी आहे का, ते बघतो."

तीन महिन्यांनी ते परतले, ते चक्रावूनच.

"अगं, पोरीचं काय घेऊन बसलीस, सगळं गावच तसलं. सहाला बाजार भरतो. दहाला पंगत उठते. पाचाला घरोघर दिवे. मी संध्याकाळी सातला चार माणसांत बसावं म्हणून बाहेर पडलो, तर कुत्रंसुद्धा जागं नाही."

म्हाळसाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मुळातच बिघडलेलं. उद्याच गाडी जुंपा."

सासरहून परत आलेल्या मुलीला दवणपुरात काय म्हणतात, ते रेवतीला माहीत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"मामंजी, तिथं पाचाला दिवे लागले, तेव्हा बाहेर उजेड होता की काळोख?"

दाजीशेट म्हणाले, "काळोख होता खरा. मिट्ट." त्यांनी बाहेर पाहिले. चावडीवर पाचाचे ठोके पडत होते आणि अंगणात पापड उन्हात वाळत होते. "घड्याळ तेवढं बघत बसलो. आभाळ बघायचं राहूनच गेलं."

म्हाळसाबाई सहजासहजी हरणाऱ्या नव्हत्या. "बरं, तिथं काळोख. पण इथला उजेड तर तुला दिसत होता ना? मग दिवा कशाला लावत होतीस?"

इतक्या दिवसांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. रेवतीने पदर सावरला.

"आत्याबाई, उद्यापासून दिवा इथल्या काळोखात लावीन. पण पाचाला मला घटकाभर बसू द्या. तेव्हा माझी आई तिथं दिवा लावून इकडे तोंड करून बसलेली असते."

तात्पर्य: घड्याळ एक झाले म्हणून दिवस एक होत नाहीत; दूरगावच्या माणसाला वेडे ठरवण्याआधी त्याच्याकडे सूर्य केव्हा मावळतो, ते त्यालाच विचारावे.