साळूचे गाऱ्हाणे कोण सांगणार?

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक दाट जंगल होते आणि त्या जंगलात, ओढ्याच्या खालच्या अंगाला, बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर लांब, काळेपांढरे काटे असलेले ते जनावर तुम्ही चित्रात पाहिले असेल. ही आपली साळू दिवसभर झोपायची, अंधार पडला की पोटापाण्याला निघायची आणि उजाडायच्या आत परत यायची. शेजारी कोण राहते, कुणाच्या घरी काय चालले आहे, याचे तिला काही देणेघेणे नव्हते. कुणी बिळाच्या तोंडाशी आलेच, तर ती पाठ फिरवून काटे खडखडवी. आलेला मुकाट्याने परत जाई आणि साळूबाई पुन्हा झोपी जात.

एका वर्षी मात्र तिच्या झोपेचे पार खोबरे झाले. बिळात पाणी येऊ लागले. वरच्या अंगाला रानडुकरांनी ओढ्याचा काठ उकरून उकरून पोखरला होता आणि तिथून फुटलेली धार थेट साळूच्या दाराकडे वळली होती. आत तिची दोन पिल्ले होती, चारच दिवसांची, काटे अजून मऊ. साळूने त्यांना ढोसत ढोसत मागच्या उंच जागेवर नेले. दोन दिवसांनी तिथलीही माती ओली लागू लागली. त्याच्या मागे नुसता कातळ होता आणि दुसरे बीळ खणायचे म्हणजे महिना जाणार. साळू घाबरली.

जंगलात दर आठव्या दिवशी जांभळीच्या झाडाखाली सभा भरते आणि तिथे सगळ्यांच्या अडचणी मिटवतात, एवढे ती ऐकून होती. गेली मात्र कधीच नव्हती. त्या दुपारी ती गेली. डोळ्यांत ऊन खुपत होते, डोक्यात झोप होती. तशीच ती सर्वांच्या मागे जाऊन बसली. समोर म्हातारे सांबर अध्यक्ष म्हणून उभे होते आणि एक थोराड रानडुक्कर गहिवरून बोलत होते, "करवंदीची जाळी वाळून गेली हो. सावली म्हणून राहिली नाही. पाचही अंडी दिवसभर उन्हात पडलेली असतात. जिवाला घोर लागलाय."

साळूने डोळे चोळले. रानडुक्कर अंडी घालते? आपण झोपलो होतो तेवढ्या दिवसांत जगात हे काय सुरू झाले?

रानडुक्कर बसले आणि रानकोंबडी उठली. ती म्हणाली, "उजवा कान सुजलाय. इतका लांब कान, पण आत मोडलेला काटा काही दिसत नाही. तीन दिवस त्या कुशीवर झोपता येत नाहीये." साळूने कोंबडीचा कान शोधला. लांब तर सोडाच, आखूडही दिसेना. बरे, कुणी हसतही नव्हते. सगळे गंभीरपणे माना डोलावत होते. सांबराने खूण केली, तसे माकड उठले आणि त्याने कोंबडीला सोडून भलत्याच, कडेला बसलेल्या सशाच्या कानात बोट घातले. काटा निघाला. ससा "हुश्श" म्हणाला आणि सगळ्यांना आनंद झाला. इथे एकाचेही डोके ठिकाणावर नाही, अशी साळूची खात्री पटली. पण पाणी वाढत होते. ती उठून ओरडली, "माझ्या बिळात पाणी शिरतंय!"

सभा चपापली. रानकोंबडीने तर चोचीवर पंखच ठेवला. ससा लगबगीने साळूजवळ आला, म्हणजे काट्यांपासून जितके जवळ येता येईल तितका आला, आणि कुजबुजला, "अगं साळूताई, स्वतःचं सांगायचं नसतं इथे."

"मग कुणाचं सांगायचं?"

"शेजाऱ्याचं. पूर्वी जो तो आपलंच गाऱ्हाणं ओरडायचा. त्या गोंगाटात कुणाचंच कुणाला ऐकू जायचं नाही. म्हणून ही रीत पडली. माझं या कोंबडीताईनं सांगायचं, हिचं डुक्करदादानं."

"मग माझं तू सांग की!"

"मी काय सांगणार? मला काय ठाऊक?" ससा म्हणाला. "गेल्या साली विचारायला आलो होतो, तर तू काटे परजलेस. आठ दिवस नाक दुखत होतं माझं."

"आत्ता सांगते ना! ऐक, माझ्या बिळात..."

"आत्ता चालायचं नाही," सांबर म्हणाले. "शेजाऱ्यानं घरी जाऊन, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. ऐकीव गाऱ्हाणं ही सभा घेत नाही. बरं, तू आज कुणाचं सांगणार आहेस?"

साळू गडबडली. कुणाचे सांगायचे? ती कुणाला ओळखत तरी कुठे होती? समोर दिसले त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "रानडुकराचे... दात दुखतात!"

"माझे?" रानडुक्कर उडालेच. "बेहड्याचं बी फोडून दाखवू का?"

सभेत हशा पिकला. सांबर तेवढे हसले नाही. "पुढच्या सभेला ये," असे म्हणून त्याने सभा संपवली.

साळू घरी आली ती चडफडतच. आपली पिल्ले बुडायला आली आहेत आणि यांना रीतभात सुचते आहे! बरे, हे सगळे तिला कळले होते का, तर तेही धड नाही. दोन दिवस ती मनातल्या मनात साऱ्या जंगलाला बोल लावत राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी आणखी वर आले, तशी ती धारेच्या मागोमाग वर गेली, डुकरांनी उकरलेला काठ तिने पाहिला आणि भर उन्हात रानडुकराकडे भांडायला निघाली. चार खडे बोल तिने वाटेत पाठ करून ठेवले होते.

"या या, साळूताई," रानडुक्कर म्हणाले. "आमच्या दारी पहिल्यांदाच आलात. बसा. पण द्यायला घरात काही नाही बघा."

साळूने इकडेतिकडे पाहिले. डुकराची पाच पिल्ले एका मुळीवरून एकमेकांना ढकलत होती. साऱ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. पाठ केलेले शब्द तिच्या तोंडातच राहिले आणि बाहेर भलतेच आले, "मुलं अशी का हो झालीत?"

रानडुकराने तिला मागच्या बाजूला नेले. वादळात एक अवाढव्य झाड उन्मळून त्यांच्या कंदांच्या जमिनीवर आडवे पडले होते. फांद्यांच्या जंजाळातून आत शिरायला वाट नव्हती. "म्हणून हल्ली ओढ्याच्या काठावर उकरतो," ते म्हणाले. "तिथे कंद थोडेच आहेत. पण पोरं रडायला लागली की काय करायचं?"

आता रागवायचे तरी कुणावर? निघताना मात्र, आजवर कुणाला म्हटले नव्हते ते ती म्हणून गेली, "या ना कधी आमच्याकडे." दुसऱ्या दिवशी रानडुक्कर खरेच आले. बिळात डोकावले, पाणी पाहिले, भिंतीला चिकटून बसलेली पिल्ले पाहिली आणि एक शब्दही न बोलता निघून गेले. ते रागावले, की घाबरले, की त्याला काही वाटलेच नाही? साळू विचार करकरून थकली.

सभेच्या दिवशी ती सर्वांत आधी उठली. आडवे झाड, वाट अडलेले कंद, पाच पिल्लांच्या बरगड्या, सारे तिने पाहिले तसे सांगितले. मग सांबराने विचारले, "साळूचं कोण सांगतंय?"

कुणी उठले नाही. साळूने मान खाली घातली. तेवढ्यात रानडुक्कर सावकाश उभे राहिले.

"मी जाऊन पाहिलंय," ते म्हणाले. "दारात पाणी साठलंय. दोन पिल्लं कातळाला टेकून बसलीत, त्यांच्या पायांखाली चिखल झालाय. आज-उद्या तीही जागा जाईल." एवढे सांगून ते थांबले. रीतीप्रमाणे एवढेच पुरे होते. पण ते खाली बसले नाही. "पाणी येतंय ते ओढ्याच्या फुटलेल्या काठातून, आणि तो काठ आम्ही फोडलाय. मी आणि माझ्या पोरांनी. तिच्या घरी गेलो नसतो, तर मला हे कधीच कळलं नसतं. चार दिवस आम्ही तिकडे फिरकलो नाही, पण ते भगदाड आम्हा एकट्यांच्यानं बुजत नाही."

सांबर ओढ्याकडे चालू लागले आणि सारी सभा त्याच्यामागून निघाली. माकडांनी दगड आणले, डुकरांनी नाकाडाने माती लोटली, सांबराने ती खुरांनी तुडवून घट्ट केली. दिवस मावळायच्या आत धार बंद झाली. पुढचे दोन दिवस साळू झोपली नाही. आपल्या पटाशीसारख्या दातांनी तिने त्या आडव्या झाडाच्या फांद्या कुरतडल्या आणि डुकराच्या पिल्लांना वाट करून दिली. आपण भांडायला गेलो होतो, मग हे एवढे सगळे झाले कसे, याचा तिला अजूनही नीट उलगडा होत नव्हता. पण घरी तिची पिल्ले कोरड्या मातीवर गाढ झोपली होती.

तात्पर्य : शेजाऱ्याचे दुःख आपण त्याच्या दारी जाऊन पाहिले, तरच आपले दुःख सांगायला कुणी उभे राहते, आणि आपल्या हातून कुणाचे काय बिघडले, हेही तिथे गेल्यावरच कळते.