रेडिओवरचा 'माहीत नाही'

पोरांना गोष्ट सांगा म्हणून शाळेच्या बाई तीनदा येऊन गेल्या. जेवू देईनात. घ्या, ऐका एकदाची, आणि मधे कुणी चुळबुळ करायची नाही.

एका गावात एक छोटं रेडिओ केंद्र होतं. तिथे अनाजी खरात सव्वीस वर्षं बोलत होता. लोक फोन करून काहीबाही विचारत. ठाऊक असेल ते तो सांगे. नसेल तर सरळ म्हणे, "मला माहीत नाही. विचारून उद्या सांगतो."

मग साहेब बदलले. नवे शिरीष तांबट म्हणाले, "अनाजी, वय झालं तुमचं. रोज आपलं माहीत नाही, माहीत नाही! केंद्राची अब्रू जाते." त्यांनी बोलणारं यंत्र आणलं. आवाज वीस वर्षांच्या पोरीचा, कुठे म्हणून अडत नसे. अनाजीला घरी बसवलं.

घरी तो रेडिओ ऐके आणि कुढे. बायको म्हणे, "मग बंद करा की!"

"बंद कशाला? झकास बोलते, मेली."

श्रावणात एका सकाळी एका बाईने यंत्राला विचारलं, "रानातून अळंबी आणलीय. पांढरी, देठाला कडं. खाल्ली तर चालेल?"

यंत्र म्हणालं, "जरूर खा. पौष्टिक असते."

अनाजीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. फोनवरचे सगळे आवाज त्याच्या कानात बसलेले. ही कुंभारआळीतली इठाबाई! तो तसाच अनवाणी पळाला. इठाबाईची तिन्ही नातवंडं ताटं घेऊन बसलेली.

"इठे, कालवण उतरव!"

"का हो दादा? विषारी आहे?"

"मला माहीत नाही."

"मग?"

"माहीत नाही म्हणूनच उतरव!"

उरलेली अळंबी डोंगरवाडीच्या ठमाबाईला दाखवली. ती रानातच वाढलेली. तिने हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "ही खाल्ली असती तर घर रिकामं झालं असतं, बाई."

सगळं गाव केंद्रावर गेलं. तांबटसाहेबांनी मुकाट्याने अनाजीला परत बोलावलं, शाल घातली. यंत्र फेका, असं काही अनाजी म्हणाला नाही. "हवामान नि बाजारभाव तिलाच वाचू द्या. माणसांचे प्रश्न माझ्याकडे."

आता तो सकाळी तासभर जास्त झोपतो. मजेत आहे.

तात्पर्य: ज्याला 'माहीत नाही' म्हणता येतं त्याचं वय मोजत बसू नये, त्याचं ऐकावं. गावाला हे पटलं, इठाबाईला पटलं. माझी माफी मागायचा राहिलाय तो एकटा शिरीष तांबट.