बारडावरचा धूर

चूक म्हाताऱ्याची. शिष्य बेजनने विचारलं होतं एवढंच, "धूर कुठे गेला?"

थोरले धर्मगुरू दस्तूर एरचजी अग्यारीच्या ओट्यावर चंदनाचे तुकडे निवडत बसले होते. त्या पारशी गावात पोरांना अक्षरांआधी ही कथा येते. पारशांचं पहिलं गाव संजाण पडलं तेव्हा मोबेदांनी, म्हणजे पुरोहितांनी, पवित्र आतश, तो अग्नी, उचलला, बारडाच्या डोंगरावरच्या गुहेत नेला आणि सुलतानाच्या फौजेपासून बारा वर्षं लपवून तेवत ठेवला.

"बारा वर्षं रोज लाकूड जळत होतं," बेजन म्हणाला. "खाली फौज, वर धूर. आणि कुणालाच दिसला नाही? थाप आहे ही, दस्तूरजी. तुम्हालाही ठाऊक आहे."

एरचजी तुकडे निवडत राहिले.

"थापेवर मी नावर होणार नाही." नावर म्हणजे मोबेदाची दीक्षा. बेजनची महिन्यावर आली होती.

एरचजींनी डोंगराकडे बोट केलं. "जा. पेटवून बघ."

साठ वर्षं आतशापुढे बसलेल्या माणसाला याहून शहाणं काही सुचलं नाही.

बेजन गेला. गुहेत ओल्या फांद्या पेटवल्या आणि धावत खाली आला. डोंगराच्या डोक्यावर धुराचा खांब उभा होता.

पायथ्याशी चैती नावाची वारली बाई मोळी बांधत होती.

"बाय, वर धूर दिसतो का?"

तिने वर पाहिलं. मग त्याच्या काजळलेल्या हातांकडे.

"कसला धूर? मला नाय दिसत."

"अगं, समोर आहे!"

"नाय, पोरा. तू घरी जा."

तो हटेना. वाद घालत तिथेच उभा राहिला. धूर विरला, आणि फेरीवरचा वनरक्षक आला. नाक वर करून म्हणाला, "जळका वास येतोय. वर जाळ कुणी केला?"

"कोण गेलंच नाय, सायब," चैती म्हणाली.

बेजनच्या डोक्यात तिडीक गेली. "खोटं बोलते ही! धूर होता. मी दाखवला हिला!"

"असं? मग केला कुणी, बावाजी?"

बेजनने काजळलेले हात पाठीमागे घेतले.

वनरक्षकाने चैतीचा कोयता हिसकावला आणि तिला चौकीवर नेलं.

बेजन अग्यारीत परतला तो जिंकल्यासारखा. "दिसतो धूर! सिद्ध झालं!" सगळं सांगितलं त्याने. बोलता बोलता कोयत्याचं आणि चौकीचंही.

"आणि तू काय म्हणालास?" एरचजींनी विचारलं.

"खरं तेच. आपला धर्म तेच शिकवतो ना?"

"सगळं खरं?"

"तुम्हीच पाठवलंत मला!" बेजन उसळला.

"हो."

एरचजींनी पगडी घातली, काठी घेतली. चौकी चार मैलांवर होती. ओट्याच्या पायरीवर ते थांबले.

"बारा वर्षांत त्या मोबेदांना खाली तुझ्यासारखा एकही भेटला नाही, डिकरा."

बेजनची नावर झाली नाही. एरचजींना दुसरा शिष्य मिळाला नाही.