चौथी हाक

थांबा पाव्हणं, पायतान उंबऱ्याबाहेरच राहू द्या. गळ्यात कॅमेरा अडकवला म्हणून घर तुमचं होत नाही. भिंती भुंड्या झाल्यात, छपरातून बाभूळ वर आलीय, कबूल. तरी आमच्या सावळपेठेत पडक्या घरालासुद्धा हाक मारूनच आत जायचं. तीन हाका कुणीही मारतं. इथं चौथी मारायची, आणि थांबायचं.

असं सांगतात, की ही पेठ कोष्ट्यांची. मागांचा खडखडाट एवढा, की बायका हातवारे करूनच भांडायच्या. मग प्लेग आला. माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली. हाकेला ओ न देणारं घर मरतं, त्याचं आढं खचतं, असा तेव्हाचा समज. धोंडाई कोष्टीण तेवढी हलली नाही. तिचा एकुलता लेक राणबा मुंबईला गिरणीत होता. तो आला आणि दारात कुणी नसलं तर?

निघताना बायका तिला म्हणाल्या, "धोंडाई, आमच्याबी दारात कुणी हाक मारली, तर तेवढी ओ दे गं."

तिनं देवीचा भंडारा उचलला : पेठेतली एकही हाक रिकामी जाऊ देणार नाही. मग काय, गोसावी या टोकाला ओरडला की ही पळाली, वाटसरू त्या टोकाला ओरडला की ही पळाली.

आता रानात एक टवाळ होता, भिकोबा. आमचा पणजा. हसताय काय, वाण आहे आमचा! म्हातारी पळताना बघायला त्याला मजा वाटायची. एका दुपारी त्यानं पार वेशीकडच्या घरापुढं उगाच हाक ठोकली. धोंडाई धावली. आणि त्याच घटकेला, म्हणे, राणबा आईच्या दारात उभा राहिला. "आई! आई गं! आये!" तीन हाका. ओ नाही. प्लेगच्या घरात शिरणार कोण? तो समजला, आई गेली. आईसाठी आणलेलं लुगडं त्यानं उंबऱ्यावर ठेवलं, विहिरीवर तिच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलं आणि वाटेला लागला.

धोंडाई परतली तेव्हा लुगडं दिसलं. ती वेशीकडं धावत सुटली, "राणबाऽ" म्हणून ओरडत. त्याला ऐकू गेलं हो. पण मेलेल्याला पाणी देऊन निघालेल्यानं मागं बघायचं नसतं, आणि मेलेल्याच्या हाकेला ओ द्यायची नसते. तिची एकेक हाक ऐकून पोरगा जास्तच जोरात पळाला. चौथी हाक त्यानं मारली असती, तर ती पोचली असती; एवढंच अंतर होतं.

त्यानंतर तिनं कुणालाच ओ दिली नाही. प्लेग सरला, पण माणसं रानातूनच गिरण्यांकडं गेली. घरं एकामागून एक बसली. भिकोबानं तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला, की चौथ्या हाकेला आमच्या घराण्यातला माणूस ओ देईल.

त्या घराण्यातला इथं उरलेला मी शेवटचा. पोरगा पुण्यात आहे. फोनच्या दोन रिंगा देतो आणि ठेवतो. तोवर माझं खाटेवरून उठणंसुद्धा होत नाही.

तरी आजही सावळपेठेत चौथी हाक मारली की आतून ओ येते. परवा एक दाढीवाला चप्पल टाकून पळाला, अजून न्यायला आला नाही.

चला, मारा हाक. फक्त तिसरीनंतर जरा दम धरा. मागच्या बाजूनं जायला मला आता वेळ लागतो.