नाहीतळ्याची पाखरे

विषय : मौजे खारनिंबोळे येथील 'नाहीतळे' नावाचे पाणी हे पाणी असल्याचे जाहीर होणेबाबत.
संदर्भ : श्री. काथोड हसू मढवी, राहणार सदर, यांचा अर्ज व त्यानंतरची स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयातील तळे गावाच्या पश्चिमेस, खाडीच्या बांधाला लागून आहे. बांधापलीकडे तिवरांची रांग आणि मग खाडी. उरलेल्या तिन्ही बाजूंना मुरुमाचा भराव असून तो, शाळेत एखादा दांडगा मुलगा बाकावर सरकत सरकत शेजाऱ्याला खाली पाडतो तसा, रोज थोडा पुढे सरकतो. भरावावर एक भला मोठा फलक आहे. त्यावर गुलाबी पंखांची रोहित पाखरे रंगवली आहेत आणि त्यांच्याकडे गच्चीतून बोट दाखवणारे एक आनंदी कुटुंब. इमारत उभी करायची तर तळे बुजवावे लागेल आणि तळे बुजले तर पाखरे कुठे बसतील, हा मुद्दा बहुधा फलकावर मावला नसावा.

थंडी पडू लागली की ही पाखरे येतात आणि उन्हाळा सरता सरता जातात. गाव त्यांचे नाव घेत नाही, 'पावणी' म्हणते. आणि परक्या माणसाने विचारले तर पाखरे नाहीत, पाणीही नाही, असे सांगते. त्यावरून शेजारच्या गावांनी थट्टेने तळ्याला नाहीतळे म्हणायला सुरुवात केली. दप्तरात ते या नावानेही नाही. तिथे ती जमीन पडीक आहे.

भाद्रपदातल्या एका दुपारी स्थळपाहणीसाठी समिती आली. काथोडदादा सकाळपासून धुतलेला सदरा घालून बांधावर बसून होते. समितीने ठरवायचे होते ते एवढेच, की हे पाणथळ आहे किंवा नाही. आहे म्हटले तर भराव थांबणार होता. नाही म्हटले तर दिवाळीनंतर येणाऱ्या पाखरांना उतरायला फलकाखेरीज जागा उरणार नव्हती.

समितीचे प्रमुख दातीरसाहेब बुटांचा चिखल निपटत वर आले आणि तुडुंब तळ्याकडे बघून म्हणाले, "हे तर पावसाचं पाणी."

पाहणीसाठी भाद्रपद कोणी निवडला, याची माहिती उपलब्ध नाही.

"बरं काका, पक्षी कुठे आहेत?"

या प्रश्नाला मढव्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच उत्तर होते, आणि ते आज द्यायचे नव्हते.

"सायेब, बसा जरा," ते म्हणाले. "आदी एक गोष्ट आयका."

साहेबांनी घड्याळ पाहिले. पण सुगंधाने, म्हणजे काथोडदादांच्या सुनेने, खुर्च्या मांडल्या होत्या आणि चहा ओतला होता. ते बसले.

असे सांगतात, की फार पूर्वी, समोरच्या डोंगरावरल्या गढीत अजून दिवा लागत होता त्या काळी, हा बांध काही केल्या टिकत नसे. दर उधाणाला खाडी तो फोडून आत यायची आणि भाताची खाचरे खारट करून जायची. गावाने माती घातली, दगड घातले, नारळ दिले, कोंबडे दिले. खाडीने सगळे स्वीकारले, पोच दिली नाही. अखेर जाणत्यांनी निर्णय दिला, की फुटलेल्या खांडीत जिवंत माणूस उभे केल्यावाचून बांध धरणार नाही. माणूस म्हणजे कुणाची तरी सून, हे ठरवायला वेगळी बैठक घ्यावी लागली नाही. मढव्यांच्या घरी नुकतीच हिरूबाय नांदायला आली होती. तिला अजून गावातली घरे धड ओळखता येत नव्हती.

ओहोटीला तिला हिरवे लुगडे नेसवले, मळवट भरला आणि खांडीत उभी केली. चिखल मांड्यांपर्यंत आला. गाव बांधावर ओळीने बसून भरतीची वाट पाहू लागले. ती रडली नाही म्हणे, कोणाला शिव्याशापही दिले नाहीत. उत्तरेला तिचे माहेर होते, तिकडे तोंड करून तेवढी उभी राहिली. आणि त्याच दिशेने आभाळात एक गुलाबी रेघ उमटली.

पाखरे आली ती थेट तिच्याभोवती उतरली. रोहित पाखरू चरताना चिखलात पाय आपटत स्वतःभोवती गोल फिरते, हे कोणालाही पाहता येते. पण त्या दिवशी सगळा थवा एकाच बाईभोवती फिरत होता, बांधबंदिस्तीला निघालेल्या माणसांनी फेर धरून चिखल तुडवावा तसा. आतला फेर, त्याबाहेर दुसरा, त्याबाहेर आणखी. चिखल मुरत गेला, घट्ट झाला, चढत गेला. भरती आली, बांधाला टेकली आणि आल्या वाटेने परत गेली. हिरूबाय कमरेपर्यंत बांधात रुतलेली होती, जिवंत होती.

आता तिला उकरून काढायला सगळे पुढे धावले. तिने सासऱ्याचा हात झिडकारला आणि पाखरांना हात जोडले. म्हणाली, "गाव माजं नाय झालं, तुमी झालात. तुमचा ठिकाना माज्या तोंडातनं कुनाला जायाचा नाय."

ही बातमी गढीवर गेली. तिथला किल्लेदार शिकारीचा भारी शौकीन. त्याला पागोट्यात गुलाबी पिसांचा तुरा हवा होता. होड्या, बंदुका आणि खुशमस्करे असा सगळा सरंजाम घेऊन तो बांधावर आला, तेव्हा हिरूबाय एकटीच चिखलातली निवट्यांची मासळी धरत होती.

"पाखरू कुठं?" त्याने विचारले.

"पाखरू नाय. पानी नाय."

तिच्या पाठीशी सगळे तळे पाखरांनी भरलेले होते. किल्लेदाराने मान उंचावून पाहिले, आणि असे सांगतात, की त्याला दिसल्या त्या मिठाच्या राशी, कलत्या उन्हाने तांबूस झालेल्या. तो निमूट परत गेला. पुढे फितुरी झाली, हिरूबाय खोटे बोलली असे कोणी तरी गढीवर कळवले. फितुरी करणारे घराणे अजून गावात आहे, पण नाव घ्यायची पद्धत नाही. किल्लेदाराने हिरूबायला गढीवर नेले आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. तिने तेच उत्तर दिले. ती परत आली नाही. गढी पुढे पडली. किल्लेदाराचे नावही कोणाला आठवत नाही. तिचे वाक्य मात्र राहिले.

तेव्हापासून खारनिंबोळ्यात नवी सून आधी बांधावर नेतात. सासू विचारते, "पाखरू कुठं?" सून म्हणते, "पाखरू नाय, पानी नाय." मग घरी येऊन माप ओलांडायचे. आणि जो कोणी परक्याला पाखरांचा ठिकाणा सांगेल, त्याच्या डोळ्यांदेखत पाखरे पाठ फिरवतील, असे हिरूबायचे बोल आहेत म्हणे.

ही प्रथा फार उत्तम चालली. गोरे साहेब आले, संस्थानिक आले, छऱ्याच्या बंदुका घेऊन मुंबईचे हौशी आले. गावाने सगळ्यांना शहाळी दिली आणि हे उत्तर दिले. बंदुका भरल्या तशा परत गेल्या.

त्यानंतर सर्वेक्षणवाले आले. नव्या नगरासाठी कोणती जमीन मोकळी आहे आणि कोणती राखायची, ते त्यांना ठरवायचे होते. त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या, दुर्बिणी होत्या. महिना माघ होता आणि तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती इतकी पाखरे होती. पण बांधाची वाट चिखलाची आणि मंडळींचे बूट नवे, म्हणून त्यांनी देवळाच्या ओट्यावर बसूनच विचारले. गाव एरवी कशावरही एकमत करत नाही, त्या दिवशी केले. सुगंधा चहा देत होती. तिनेही उत्तर दिले, लग्नात दिले होते तसेच खणखणीत. काथोडदादांना त्या दिवशी सुनेचा फार अभिमान वाटला होता. सर्वेक्षणवाल्यांनी लिहून घेतले : स्थानिकांच्या मते येथे पाणी नाही व पक्षी आढळत नाहीत. त्या ओळीवर जमीन वाटली गेली आणि मुरुमाच्या गाड्या सुरू झाल्या. काय झाले ते सुगंधाला आधी कळले. अर्ज तिनेच लिहिला आणि सासऱ्याची सही घेतली.

गोष्ट संपली. दातीरसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"छान आहे हो. आमच्याकडेही अशा गोष्टी आहेत. पण काका, 'असं सांगतात' हे मला अहवालात घालता येत नाही. तुम्ही सरळ सांगा. पक्षी येतात की नाही?"

बांधाखाली गाव जमले होते. त्यातून पदू केणी पुढे आला. हा काथोडदादांचा लहानपणापासूनचा सोबती. भरावावरच्या इमारतीत त्याच्या मुलाने घर नोंदवले होते.

"काथोड, संबालून बोल," तो म्हणाला. "तोंड उघडलंस तं हिरूबाय बगून घेल."

"पदूकाका, तुमाला हिरूबायची काळजी कदीपासून?" सुगंधा म्हणाली. "गच्चीतनं दिसनार नाय म्हनून?"

माणसे हसली. साहेबही हसले. काथोडदादांना हसू आले नाही. सांगितले तर पाखरे जाणार होती आणि न सांगितले तर तळे. इतकी वर्षे ज्या वाक्याने पाखरे राखली त्यानेच ती बुडत होती, आणि ते वाक्य मोडायचे काम त्यांच्याच वाट्याला आले होते. त्यांनी तळ्याकडे पाहिले. पावसाने ते गढूळ, निव्वळ रिकामे दिसत होते. हिरूबायला निदान मिठाच्या राशींची साथ होती.

"बाबा," सुगंधा हळूच म्हणाली, "बोला."

"येतात," काथोडदादा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "दर वर्साला येतात. त्या कोपऱ्यान उतरतात, मंग सगल्या तल्यान पसरतात. मी जन्मापासून बगतोय."

त्यांनी बोटही दाखवले. पदू केणीने मान फिरवली.

दातीरसाहेबांनी लिहून घेतले. मग मागची पाने चाळली आणि भुवया वर केल्या. "काका, सर्वेक्षणात तर तुमच्याच घरातून नाही म्हणून सांगितलंय."

"तवा बंदुकवालं वाटलं तुमी."

"हे कसं लिहू मी?" साहेब खरोखरच अडचणीत पडले होते. त्यांनी शेवटी लिहिले, की स्थानिकांची विधाने परस्परविरोधी असून प्रत्यक्ष पाहणीत पक्षी आढळले नाहीत, पाणी पावसाचे असावे. मग चहाबद्दल आभार मानून ते गेले.

त्या वर्षी पाखरे आली. काथोडदादा बांधावर होते. थव्याने भरावावरून एक फेरी घेतली, दुसरी घेतली आणि तो खाडीच्या पलीकडे निघून गेला. थोडीशी तेवढी मागे राहून कोपऱ्यात उतरली. गाड्यांच्या आवाजाने गेली असे सुगंधा म्हणते. काथोडने बोट दाखवले म्हणून गेली असे पदू केणी म्हणतो आणि गावातले बरेच जण त्याच्या बाजूचे आहेत. काथोडदादांना कोणी विचारत नाही. विचारले तरी त्यांना सांगता आले नसते, कारण रात्री त्यांना सुनेचे पटते आणि सकाळी बांधावर गेल्यावर पदूचे.

आजही खारनिंबोळ्यात नवी सून बांधावर नेतात. सासू विचारते, "पाखरू कुठं?" आता सून सासूच्या तोंडाकडे बघते, काय बोलायचे ते कळावे म्हणून, आणि सासू मागे उभ्या बायकांकडे बघते. कोणी तरी म्हणते, वेळ होतोय, घरी चला.

आजही भराव चालू आहे. सदर अर्ज समितीच्या अभिप्रायासह वरिष्ठांकडे पाठवण्यात आला असून पक्ष्यांच्या हंगामात फेरपाहणी करावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मागवण्यात आले आहे. मार्गदर्शन अप्राप्त आहे. अर्ज प्रलंबित आहे.