काढलेलं भोक

तडवळच्या उदाजीराजांच्या कपाटाचं दार तिसऱ्यांदा निखळलं ते थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर. कपाट राणीसाहेबांच्या माहेरून आलेलं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं. ते बदला म्हणायची राजांची छाती नव्हती. म्हणून सगळा राग निघाला भिवा सुतारावर.

भिवानं दर वेळी आधीपेक्षा जाड स्क्रू बसवला होता आणि दर वेळी भुसा भुरभुर गळून बिजागरीचं भोक आणखी मोठं झालं होतं. आता त्यात राजांची करंगळी जात होती. राजांनी ती घालूनही पाहिली. मग ती सोडवायला दोन हुजरे लागले.

"उद्या दुपारपर्यंत हे भोक काढून टाक," राजे करंगळीवर फुंकर घालत म्हणाले. "मागच्या खेपेलाही म्हणालास, भोक गेलं. आता मला पुरावा पाहिजे. काढलेलं भोक माझ्या हातात आणून द्यायचं. नाहीतर तुझी हत्यारं जप्त!"

भिवा मुदपाकखान्याच्या पायरीवर येऊन बसला. हत्यारं गेली तर खायचं काय?

गोजरा तेव्हा मुदपाकखान्यात सुपं द्यायला आली होती. बांबूची सुपं, टोपल्या विणणं हेच तिचं काम. भिवाचा चेहरा बघून तिला राहवेना.

"भिवाकाका, लाकूड चिकटवायचा सरस आहे ना तुमच्याकडं? मग रडताय कशापायी?"

तिनं भोकातला सुटा भुसा टोकरून काढला. बांबूच्या बारीक काड्या सोलल्या, सरसात बुडवल्या आणि भोकात गच्च ठोकून भरल्या.

"सकाळपर्यंत याला हात लावायचा नाही. राजांनाही लावू देऊ नका."

सकाळी तिनं बाहेर आलेली टोकं छाटली. भिवानं अगदी पहिला, बारका स्क्रू हलक्या हातानं पिळला. तो काड्यांत चावून बसला. राजांनी दार उघडलं, आपटलं, शेवटी त्याला लोंबकळूनही पाहिलं. कपाट करकरलं, पण दार जागचं हललं नाही.

"दार ठीक आहे," राजे खाली उतरत म्हणाले. "भोक कुठंय?"

भिवानं डोळे मिटून घेतले. गोजरा मात्र मूठ आवळून पुढं झाली.

"ओंजळ धरा महाराज. सांडेल."

राजांनी ओंजळ धरली. गोजरानं तिच्यावर जपून मूठ उघडली.

"यात तर काहीच नाही," राजे म्हणाले.

"भोकात दुसरं काय असतं महाराज? होतं तेवढं सगळं आणलंय. कमी वाटलं तर मापून घ्या."

राजांनी ओंजळ डोळ्यांपाशी नेऊन आत पाहिलं. मग जे हसत सुटले, ते पागोटं कानावर आलं तरी थांबेनात. भिवाची हत्यारं भिवाकडंच राहिली. नदीकाठचं बांबूचं अख्खं बेट राजांनी तिथल्या तिथं गोजराच्या नावे केलं आणि ओंजळ तशीच धरून, सांडू न देता, ते राणीसाहेबांना भोक दाखवायला गेले.